केतुरा आत्याने विचारलेला प्रश्न

शिवणयंत्राचा आवाज थांबला की शब्बाथ, आमचा शुक्रवार संध्याकाळपासूनचा विसाव्याचा दिवस, लागला, असं मला लहानपणी वाटत असे. अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत शुक्रवारी दुपारी ताईचं मशीन शेवटचं खडखडायचं, मग ती त्याच्यावर जुन्या चादरीची खोळ घालायची आणि घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटायचं. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा व्हायचा, बाबा हाताचं ग्रीस रॉकेलने पुसत पुसत यायचे. आई नारळाच्या दुधातलं मटण चुलीवरून उतरवायची. मटणाच्या जेवणात आम्हाला दूध-दही चालत नाही, म्हणून जे काय दाट व्हायचं ते नारळानेच. आणि केतुरा आत्या, बाबांची थोरली बहीण, काचेच्या पेल्यात पाण्यावर खोबरेल ओतून वात सोडायची. भिजवलेल्या काळ्या मनुका हाताने कुस्करून तिने केलेलं सरबत बाबांच्या पुढ्यात असायचं. बाबा त्यावर किद्दुशचा, म्हणजे शब्बाथ पावन करण्याचा, आशीर्वाद म्हणायचे. एखादा शब्द अडखळला तर आत्या मान न उचलता तो पुढे सरकवून द्यायची, जेवताना कुणी मीठ सरकवावं तसा. बाबा तो घ्यायचे आणि पुढे जायचे. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी बायका असं करतात.

आत्याला हे कुठून आलं, ते सांगते. आमचे आजोबा कोकणात खाडीकाठच्या एका गावात हझान होते, म्हणजे आमच्या बेने इस्रायल वस्तीची प्रार्थना चालवायचे, लग्नं लावायचे, कोंबडी-बकरं धर्माप्रमाणे कापायचे. उतारवयात त्यांची दृष्टी गेली. मुलगा, म्हणजे माझे बाबा, नोकरीच्या मागे निघून गेलेला. तेव्हा पुस्तक वाचून दाखवायला घरात उरली ती केतुरा. ती हिब्रू वाचायची, ते मराठीत अर्थ सांगायचे, मग दोघं भांडायची. वर्षानुवर्षं. कायद्याची पुस्तकं, त्यांवरची भाष्यं, भाष्यांवरची भाष्यं. आजोबा गेले तेव्हा ती पुस्तकं गावच्या प्रार्थनालयाने नेली, कारण बाईच्या घरात ती कशाला. आत्या सांगायची, "नेईनात. माझ्याकडची नेता येणार होती थोडीच." नवरा वारल्यावर ती आमच्याकडे आली ती एक पेटी आणि एक पाटा घेऊन.

अंबरनाथमध्ये आमची पंचवीस-तीस घरं असतील, बहुतेक कारखान्यातली. देऊळ म्हणा, मशीद म्हणा, आम्ही दोन्ही शब्द वापरायचो, पण खरं तर ती स्टेशनाजवळच्या एका चाळीच्या माडीवरची भाड्याची खोली होती. पुरुष पुढे, बायका मागे, मध्ये कुणीतरी दिलेल्या हिरव्या लुगड्याचा पडदा. हझान आमचे स्वतःचे नव्हते, ते बाहेरगावाहून यायचे. वृद्ध, सज्जन, पांढरी दाढी, आवाज गोड. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण मधल्या दिवसांत कुणाला काही अडलं तर आमच्या मागच्या दाराशी बाई उभी. दुधाच्या पातेल्यात मटणाचा चमचा पडला, काय करू? गरोदर सुनेने उपास धरायचा की नाही? आत्या पाट्यावर वाटता वाटता दोनतीन गोष्टी विचारायची, पातेलं गरम होतं का, चमचा कधी वापरलेला, आणि उत्तर द्यायची. पुढे हझानसाहेब आले की त्या बाईचा नवरा तोच प्रश्न त्यांना घालायचा. ते पुस्तक चाळायचे आणि तेच उत्तर द्यायचे. मग नवरा घरी येऊन सांगायचा, हझानसाहेबांनी निवाडा दिला.

आमच्या लोकांत एक जुनी गोष्ट सांगतात. फार पूर्वी एक परदेशी विद्वान कोकणात आला. हे तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे लोक खरंच आपल्यातले आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. त्याने घरातल्या बायकांपुढे एक टोपलीभर मिसळलेली मासळी ठेवली आणि म्हणाला, रांधा. बायकांनी खवलं आणि पर असलेली मासळी एकीकडे केली आणि बाकीची बाजूला सारली, ही आमच्यात खात नाहीत म्हणून. विद्वानाची खात्री पटली. मग त्याने काय केलं? गावातले तीन पुरुष निवडले आणि त्यांना धर्म शिकवला. ही गोष्ट मी आजवर शंभर समारंभांत ऐकली असेल. दर वेळी टाळ्या त्या तिघांना. मासळी कुणी निवडली हे विचारायला मी एकदा उभी राहिले होते, तर चिटणीस म्हणाले, दीनाबाई, वेळ कमी आहे.

असो. ताईकडे वळते.

रिबका, माझी ताई, लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा झाली. तिचा नवरा एझ्रा कराचीहून एकटाच नोकरीला इकडे आला होता. त्याच्या बापाचं नाव दानियल, तो वारलेला, आई कराचीत, एक मोठा भाऊ आहे, एवढंच आम्हाला ठाऊक. मूलबाळ व्हायच्या आतच एझ्रा तापाने गेला. ताई परत आमच्याकडे आली, सोबत एझ्राने हौसेने घेतलेलं मशीन आणि त्याची सायकल. फाळणीनंतर तो मोठा भाऊ, सॉलोमन, कराचीहून निर्वासितांबरोबर आला. तोवर त्यांची आईही गेली होती. त्याला कॅम्प नंबर तीनमध्ये एका सिंधी कापडवाल्याकडे काम मिळालं. मिलिटरीच्या त्या बराकींचं तेव्हा नुकतंच उल्हासनगर होत होतं. ताई त्याच बाजारातून कापड आणून परकर-पोलकी शिवायची आणि तयार माल मी पोचवायची. भाव करायला मी तिथे शिकले. खाटेवर कटपीस मांडून बसलेल्या सिंधी बायकांनी घर, जमीन, सगळं मागे टाकलेलं होतं, पण मापात बोटभर कमी पडू देतील तर शपथ. त्या मला "नंढी, अचु" म्हणून हाक मारायच्या, म्हणजे ये गं छोटे, आणि मग दोन्हीकडून घसा बसेपर्यंत झुंज. सोळाव्या वर्षी मला वाटायचं, जगात अशी वस्तू नाही जिचा भाव मी खाली आणू शकत नाही.

मग ताईला मागणी आली. रूबेन, कारखान्यातलाच फिटर, शांत माणूस. त्याला इस्रायलला जायचं होतं, आणि ताईला घेऊनच. ताई त्या दिवसांत मशीन चालवताना गुणगुणायला लागली होती. पण आमच्या मंडळाचे मुकादम, म्हणजे मुख्य, म्हणाले की असं चालायचं नाही. धर्मात नियम आहे: नवरा बिनवारस गेला तर त्याच्या भावाने विधवेला विधिपूर्वक मोकळं केलं पाहिजे, त्याशिवाय तिला दुसरं लग्न नाही. त्याला हलित्सा म्हणतात. विधवेने सगळ्यांसमोर दिराच्या पायातली चप्पल सोडायची, त्याच्यापुढे जमिनीवर थुंकायचं आणि ठरलेली वाक्यं म्हणायची. पूर्वी आमच्यात कुणी हे फार पाहत नसे. पण आता परदेशात जायचं, तिथे विचारतील, सगळं चोख हवं, असं मुकादमांचं म्हणणं. हझानसाहेबांनीही मान डोलावली. राहता राहिला सॉलोमन. त्याने निरोप पाठवला: सोडतो, पण भावाची सायकल आणि भावाचं मशीन मला द्या.

ताईचं गुणगुणणं बंद झालं. मशीन म्हणजे तिची भाकरी. परक्या मुलखात ती त्याच्याच भरवशावर निघाली होती. आई म्हणाली, देऊन टाक, पोरी, सुटशील.  मी मात्र तशीच कॅम्पात गेले. सॉलोमन दुकानाच्या पायरीवर बसून ताकाचा तिखट घुटका घेत होता. उंच, खांदे पडलेले, डोळे एझ्रासारखे. मी त्याला सुनावलं, रडले, उठून निघाले, परत आले, शेजारच्या पापडवालीला पंच केलं. संध्याकाळपर्यंत मी त्याला इथवर आणलं की सायकल कायमची त्याची, आणि मशीन फक्त पावसाळा संपेपर्यंत त्याच्याकडे, मग परत. तोवर रूबेनची बोट लागायची नव्हती. मी विजयी होऊन घरी आले. ताईने मला मिठी मारली. आत्या तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं, तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि विचारलं, विधी कधी? रविवारी, मी म्हटलं. "मग शनिवारी तो देवळात येईल," ती म्हणाली आणि परत निवडायला लागली.

तो आला. एरवी तो फिरकत नसे. पण मुकादमांना त्याला खूष ठेवायचं होतं, म्हणून त्या शनिवारी त्याला सेफरपाशी बोलावण्याचा मान दिला. सेफर म्हणजे तोराची, आमच्या धर्मग्रंथाची, हाताने लिहिलेली गुंडाळी. ती उघडली की एकेका पुरुषाला पुकारतात, आणि पुकारताना त्याचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव घेतात. माणूस जवळ येऊन हझानच्या कानात ती नावं सांगतो आणि हझान ती मोठ्याने म्हणतो. पडद्यामागे आम्ही बायका बसलो होतो. कुणाचं मूल रडत होतं, कुणी वेलचीची पुडी फिरवत होतं. पुढून पुकार आली: "शेलोमो बेन याकोब." शेलोमो म्हणजे सॉलोमन, बेन म्हणजे अमक्याचा मुलगा. माझं लक्षही नव्हतं. आत्याचा हात मात्र माझ्या मनगटावर होता, आणि तो हात घट्ट झाला. मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती, ओठ मिटून, जसं काही तो पडदा नसून उघडलेलं पान आहे. घरी जातानाही ती एक शब्द बोलली नाही. शब्बाथला देण्याघेण्याच्या गोष्टी बोलायच्या नसतात, आणि तिने तो नियम कधी मोडला नव्हता. दिवे लागल्यावर, शब्बाथ सुटल्यावर, तिने ताईला एवढंच विचारलं, एझ्राच्या पुण्यस्मरणाची प्रार्थना करतात तेव्हा नाव कसं घेतात? ताई म्हणाली, "एझ्रा बेन दानियल. दर वर्षी तूच तर ऐकतेस." आत्या म्हणाली, हो, ऐकते.

रविवारी सकाळी माडीवर पाच पुरुष बाकावर ओळीने बसले. हझानसाहेबांनी पिशवीतून चामड्याची चप्पल काढली, तिला पायाला गुंडाळायचे लांब पट्टे होते. सॉलोमनने उजवा पाय धुतला. ताई पडद्याच्या कडेला उभी होती, पांढऱ्या लुगड्यात, आणि शिकवलेली हिब्रू वाक्यं पुटपुटत होती. सायकल खाली चाळीच्या कठड्याला टेकवून ठेवली होती. मशीन हातगाडीवर चढवायचं राहिलं होतं. मी तिथे उभी राहून माझ्या सौद्यावर मनातल्या मनात खूष होते. हझानसाहेबांनी पुस्तक उघडलं.

"हझानसाहेब," पडद्यामागून आवाज आला, "विधीच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो. तो राहिला."

मुकादम मागे वळून म्हणाले की बाईमाणसांनी मध्ये बोलू नये. आत्याने पडदा बाजूला केला आणि पुढे आली. ठेंगणी बाई, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ती म्हणाली, "मध्ये नाही बोलत, मुकादम. आधी बोलतेय. अजून सुरू कुठे झालंय?"

बाकावरच्या एकाला हसू आलं. हझानसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, कोणता प्रश्न, केतुराबाई?  आत्याने तो प्रश्न आधी हिब्रूत म्हटला, पुस्तकात असतो तसा, अजिबात घाई न करता. आजोबांचा सूर असा होता म्हणे. मग मराठीत म्हणाली, "दोघं एका बापाचे का?"

 ती सॉलोमनकडे वळली आणि त्याला आईसारखं विचारलं, "बाळा, काल सेफरपाशी तू बापाचं नाव काय सांगितलंस?"

सॉलोमनचा एक पाय ओला होता, तो फरशीवर तसाच ठेवून तो उभा राहिला. त्याने खोटं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी पुष्कळदा मनात आणलं आहे. पण आदल्या दिवशी तोराच्या समोर सांगितलेलं नाव बदलणं त्याला जमण्यासारखं नव्हतं, आणि ते पाचही जणांनी कानांनी ऐकलेलं होतं. तो म्हणाला, याकोब. हळूहळू बाकीचं बाहेर आलं. त्याचा बाप तो लहान असताना वारला. आईने दानियलशी पाट लावला. दानियलने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, आडनाव दिलं, मग एझ्रा झाला. एझ्रा दानियलचा एकुलता एक. त्या घरात सावत्र हा शब्द कधी कुणी उच्चारला नाही.

आत्याने मग एवढंच सांगितलं की दिराचा हा नियम बापाकडून भाऊ असलेल्यांना लागतो. आईकडून भाऊ असलेल्यांना लागत नाही. कुठल्या पुस्तकात, कुठल्या प्रकरणात, तेही तिने सांगितलं, आणि त्याच्यावर कुणी काय शंका घेतली आणि तिला काय उत्तर आहे तेही. मला त्यातलं तेव्हा काही कळलं नाही. मी फक्त हझानसाहेबांचं तोंड पाहत होते. ते पानं उलटत होते, मध्येच उलटायचं थांबले, आणि डोळे मिटून नुसते ऐकायला लागले, गाणं ऐकावं तसे. तिचं बोलून झालं तेव्हा ते म्हातारे गृहस्थ बाकाला हात टेकून उभे राहिले. विद्वानासमोर आमच्यात उठून उभं राहायची रीत आहे. ते उठले म्हणून दुसरे उठले, मग मुकादमही उठले. पाच पुरुष उभे आणि समोर माझी आत्या, पदराने चष्मा पुसत. त्यानंतर मी मोठमोठे लोक पाहिले, गालिचे पाहिले, हारतुरे पाहिले. माझ्या अंगावर काटा आला तो त्याच एकदा.

"रिबका मोकळी आहे," हझानसाहेब म्हणाले. "पहिल्या दिवसापासून मोकळीच होती."

ताईने शिकवलेली वाक्यं पुटपुटायची थांबवली. सॉलोमन अजून तसाच उभा होता. तो म्हणाला, "पण तो माझा भाऊच होता."  एवढा वेळ मी त्याला लुटारू समजत होते. आत्या त्याच्याजवळ गेली, तिचा हात जेमतेम त्याच्या दंडापर्यंत पोचत होता. ती म्हणाली, "भाऊच होता. त्याच्यासाठी रडायला तुला कायदा कशाला हवा?" आणि परत पडद्यामागे जाऊन आपल्या जागेवर बसली, चुलीवरचं दूध बघायला मध्येच उठली असावी तशी.

घरी येताना मी तिच्यामागे चालत होते. मला राग आला होता, एवढी घासाघीस फुकट गेली म्हणून. ती म्हणाली, "भाव तू चांगला केलास, दीने. पण माल त्याचा आहे का, हे आधी विचारायचं." कॅम्प तीनमध्ये माझं स्वतःचं दुकान झालं, पुढे दोन झाली, आणि धंद्यात मी जे कमावलं ते सगळं या एका वाक्यावर. ताईने मात्र सायकल सॉलोमनला आपण होऊन देऊन टाकली. बदल्यात काहीही न घेता. ते मला अजून पटलेलं नाही. ती मशीन घेऊन बोटीत बसली, आणि तिच्या पत्रात लिहून यायचं की तिथल्या बायकांना आपल्या पोलक्यांची कापणी फार आवडते.

आता माझी तक्रार. त्या रविवारची गोष्ट पसरली ती अशी: हझानसाहेबांनी नाव ऐकून पेच ओळखला आणि निवाडा दिला. ते स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत, पण तसं नाही असंही म्हणाले नाहीत. नव्या प्रार्थनालयाच्या भिंतीवर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे, "धर्मनिवाड्यांबद्दल कृतज्ञतापूर्वक". मी मंडळाकडे गेले. त्यांनी आत्याच्या नावाने बायकांच्या बाजूला एक बाक ठेवायची तयारी दाखवली, खर्च अर्थात माझा. मी त्यांना काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी मी एवढ्यावर आले की तिच्या पुण्यस्मरणाच्या प्रार्थनेत नावाआधी हाहाम हा शब्द म्हणायचा, विद्वानाच्या नावाआधी म्हणतात तो. बाईच्या नावाआधी तशी प्रथा नाही, म्हणाले. मी म्हटलं, प्रथा कुठल्या पुस्तकात, कुठल्या प्रकरणात, ते दाखवा. तेव्हा कुठे त्यांनी ते मान्य केलं.

या वर्षी तिच्या दिवशी मी पडद्यामागे बसले होते. आता पडदा रेशमी आहे. हझान नवा आहे, चांगला शिकलेला मुलगा. त्याने प्रार्थना सुरू केली आणि नावापाशी आला तेव्हा तो शब्द घशातल्या घशात गिळून टाकला. माझे गुडघे आता लवकर उठू देत नाहीत. तरी मी उठले, पडदा बाजूला केला आणि म्हटलं, "ऐकू आलं नाही. परत म्हणा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, आणि परत म्हटलं. सगळ्यांना ऐकू गेलं.